आजी, पूर आणि स्कॅनर

रविवारी सकाळी पुण्यातले कॉलेजियन्स कुठे सापडतील? एफसी रोडला, असंच म्हणाल ना! पण चार जणांचा कट्टा सध्या नारायण पेठेतल्या एका आजींच्या स्वयंपाकघरात भरतोय. समोर चहा-पोहे, डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल रेकॉर्डिंगवर आणि विषय एकच : पानशेतचा पूर.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. शहराला पाणी खडकवासल्याचंच. त्यामुळे पूर ओसरल्यावर नळ कोरडे! जुन्या पुणेकरांच्या घरात आजही एखादी गोष्ट ‘पुराच्या आधीची’ असते, नाहीतर ‘पुरानंतरची’.

या चौघांना त्या दिवसाचं डिजिटल प्रदर्शन करायचंय. नकाशावर वाड्याच्या जागी क्लिक केलं की जुना फोटो दिसणार आणि तिथं राहणाऱ्यांच्याच आवाजात हकिगत ऐकू येणार. फण्डा एकदम सोपा! पण फोटो स्कॅन करायला मिनिट लागतं आणि त्यातली माणसं कोण, हे विचारायला अख्खी दुपार. कित्येक घरांत तर फोटोच नाहीत, ते पुरातच गेले. मग चिखलातून वाचलेल्या पितळी पातेल्याचा फोटो काढायचा. एका घरात बहीण-भावाचंच जुळेना. पाणी जिन्यापर्यंत आलं होतं की माळ्यापर्यंत? मुलांनी दोघांच्याही क्लिप्स ठेवल्या. एका आजोबांनी मात्र मध्येच मोबाइल बंद करायला सांगितलं. तो लगेच बंद झाला. त्यापुढचं प्रदर्शनात नसेल.

चौघांपैकी एक जण गोखलेनगरचा. तिथं पूरग्रस्तांसाठी वसाहत उभी राहिली होती, हे त्याला आत्ता कळलं. त्याच्याच घरात हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा पंधरा वर्षांची असलेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. वाडे पाडून बिल्डिंगा होतायत. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल, सांगणारं माणूस मिळेलच असं नाही.

मोबाइल तर तुमच्याही खिशात आहे. या वीकेण्डला एक मॉल कमी करा आणि घरच्या आजीला विचारा, ‘तेव्हा तू कुठे होतीस गं?’ आणि मग मध्ये न बोलता ऐका.