ठासणीची बंदूक: आधी गज, मग नेम

गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमाकाठी ठासणीची बंदूक शिकायची ती शिकारीसाठी नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट जवळजवळ बंदच केली आहे. 'एवढ्या जुनाट हत्याराला कसला परवाना?' हा आक्षेपही टिकत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा नमूद आहे. नवख्याला वाटते, कसोटी नेमाची. पण खरी कसोटी बंदूक भरण्याची. काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा असतो, बाकी कोळसा आणि गंधक. सोराच प्राणवायू पुरवतो, म्हणून ती कोंदट नळीतही पेटते. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल, तर नवी दारू ओतणाऱ्याचा हात जायचा. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली, तर नळीच फुटू शकते. म्हणून पहिला धडा गजाचा, म्हणजे दारू-गोळी ठासायच्या दांड्याचा (नेम काय, गोफणीनेही शिकता येतो!): गजावर खूण केली की गोळी कुठवर उतरली ते दिसते.