देव मानणारे आणि न मानणारे

देव आहे की नाही, हा वाद शाळेच्या मधल्या सुट्टीत निघाला, तर घंटा होईपर्यंत तो सुटत नाही. आणि घंटा झाल्यावर पुष्कळदा दोन मित्र एका बाकावर बसेनासे होतात. हा प्रश्न फार जुना आहे. तो या पानांवर सोडविण्याचा आव आम्ही आणीत नाही. परंतु अशा प्रश्नावर वाद कसा घालावा आणि वाद घालूनही एकमेकांचे कसे राहावे, हे मात्र शिकता येण्याजोगे आहे. त्याचे धडे आपल्याच परिसरात व आपल्याच भाषेत सापडतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या नारायणगुड्याचेच पाहा. येथील केशव स्मारक शिक्षणसंस्था १९४० साली न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ स्थापन झाली. केशवराव हे हैदराबादच्या आर्य समाजाचे पुढारी. आर्य समाजास वेद प्रमाण आहेत, पण मूर्तिपूजा मान्य नाही. हैदराबादेतील मराठी कुटुंबांत तर घरोघर देव्हारा आणि पंढरीच्या विठोबाची भक्ती. तरीही विवेकवर्धिनी पाठशाळेसारख्या कार्यात केशवराव अग्रभागी होते, आणि देव्हाऱ्यापुढे हात जोडणाऱ्या घरांतील मुलेही तेथे शिकली. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. मतभेद हा केवळ आस्तिक आणि नास्तिक यांच्यामध्येच असतो असे नव्हे. दोन श्रद्धावंतांमध्येही तो असतो, आणि तरीही दोघे मिळून शाळा चालवू शकतात.

वादात पहिला विवेक हवा तो प्रश्न ओळखण्याचा. काही प्रश्न मोजमापाने सुटतात. तेथे मोजणारा कोणत्या धर्माचा, हे विचारण्याचे कारण नसते. हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली वेधशाळा स्थापिली. तीच पुढे निजामिया वेधशाळा म्हणून बेगमपेठेत प्रसिद्धीस आली. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचे जे काम पॅरिसच्या १८८७ च्या परिषदेत ठरले, त्यात पुढे या वेधशाळेनेही भाग घेतला. त्याच कामात रोमची व्हॅटिकन वेधशाळाही होती. पोपच्या वेधशाळेत मोजलेला तारा ख्रिस्ती झाला नाही, की निजामाच्या वेधशाळेत मोजलेला मुसलमान झाला नाही. मोजमाप बरोबर की चूक, एवढेच पाहिले गेले.

याच न्यायाने २००८ साली पुण्यात एक प्रयोग झाला. विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांनी हुशार व मतिमंद अशा दोन्ही प्रकारच्या मुलांच्या दोनशे कुंडल्या जमविल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या मुलाची हे पत्रिका पाहून सांगावे असे ज्योतिष्यांना आवाहन केले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या. सत्तावीस ज्योतिष्यांची उत्तरे आली. त्यांतील बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरीने शेकडा ४६ निघाले. नाणे उडवून सांगितले असते तर निम्मी उत्तरे सहज बरोबर आली असती! येथे कोणाची टवाळी केली नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. दावा काय आहे हे नीट विचारले, कसोटी आधी ठरविली, मग निकाल सांगितला. जे ज्योतिषी या परीक्षेस बसले, त्यांच्या धैर्याचेही कौतुक केले पाहिजे.

परंतु सर्वच प्रश्न असे नसतात. दुःखाच्या प्रसंगी आजीला अभंग म्हटल्याने धीर येतो; तो धीर दुर्बिणीतून दिसत नाही, म्हणून खोटा ठरत नाही. उलट, देव न मानणारा मनुष्य नीतिहीनच असतो, हे म्हणणेही तितकेच निराधार होय. आजीच्या अभंगाने ज्वर उतरतो की नाही, हे वैद्य तपासू शकेल. त्याने तिच्या मनाला काय मिळते, ते तिलाच विचारावे लागेल.

दुसरा विवेक माणूस ओळखण्याचा, आणि तो अधिक कठीण. बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील स्नेही. न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली निघालेला ‘केसरी’, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, ही कामे त्यांनी सहकाऱ्यांसह केली. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस एकत्र काढले. आगरकर अज्ञेयवादी, बुद्धीला पटेल तेच मानणारे. टिळकांची धर्मावर निष्ठा; पण वेदांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी ‘ओरायन’ या ग्रंथात नक्षत्रांच्या गणिताचा आधार घेतला. सामाजिक सुधारणेवरून दोघांचे बिनसले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला व पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. मग लेखण्या इतक्या तिखट झाल्या की स्नेह करपून गेला. सनातन्यांनी तर आगरकरांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी आगरकर अकाली वारले, तेव्हा मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत. प्रेम आटले नव्हते. पण ते व्यक्त करण्यास जिवंत मित्र उरला नव्हता. दोघेही थोर होते, म्हणूनच ही हानी आम्हांस अधिक बोचते.

आता दुसरे उदाहरण पाहू. आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे ‘गोरा’, हे उघड नास्तिक. अस्पृश्यता मोडावयाची तर देवाधर्माची बंधनेच झुगारली पाहिजेत, असे त्यांचे मत. १९४४ साली ते वर्ध्याजवळील सेवाग्रामास गांधीजींना भेटले. रोज प्रार्थना करणारे गांधीजी आणि प्रार्थना न मानणारे गोरा यांच्यात पुष्कळ चर्चा झाली; कोणीच मत सोडले नाही. मात्र गोरांच्या कन्येचा हरिजन तरुणाशी विवाह सेवाग्रामातच व्हावा, हे गांधीजींनी मान्य केले; आणि त्या विधीत ईश्वराऐवजी सत्याचे नाव घेण्यासही ते तयार झाले. तो विवाह मार्च १९४८ मध्ये तेथे पार पडला, तेव्हा गांधीजी हयात नव्हते. त्यांचा शब्द मात्र पाळला गेला. नास्तिकालाही सत्य प्रिय असते, हे गांधीजींनी ओळखले. आणि श्रद्धावंतालाही अस्पृश्यतेची चीड असते, हे गोरांनी ओळखले. देवाविषयी एकमत झाले नाही, कामाविषयी झाले.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, तेही विसरता कामा नये. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून हत्या झाली. वादाला शब्दाने उत्तर देता येते. गोळीने केवळ प्रश्न विचारणारा नाहीसा होतो, प्रश्न नव्हे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, वाद टाळू नका, जरूर घाला. मात्र आधी हा प्रश्न मोजमापाचा की मनाचा, ते ठरवा. समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवा, मगच खोडा. आपले चुकले असे दिसले तर मत बदलण्यात कमीपणा मानू नका. आणि दोघांनाही प्रिय असे एखादे काम शोधून त्याला हात लावा. घंटा होईपर्यंत देवाचा निर्णय लागणार नाही. पण घंटेनंतर त्याच मित्राच्या शेजारी बसावयाचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे.