मेंढीच्या पोटात जंताचं औषध नेमकं काय करतं?

पावसाळ्याच्या सुमारास मेंढपाळ कळपाला जंताचं औषध पाजतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तोंडात औषध ओतलं, मेंढीनं गिळलं, की काम झालं असं वाटतं. पण औषधाचा खरा प्रवास तिथून पुढे सुरू होतो.

चार कप्प्यांचं पोट

मेंढी हा रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या पोटाचे चार भाग असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथं म्हणजे खरं पोट. कोटीपोट सर्वांत मोठं. गवत तिथे आंबतं. आम्ल मात्र फक्त चौथ्या पोटात स्रवतं.

मेंढीचा मोठा शत्रू असलेला हिमाँकस हा जंत याच चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक मादी दिवसाला ५,००० हून जास्त अंडी घालू शकते. जंत वाढले की मेंढीच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली सूज येते आणि वेळीच इलाज झाला नाही तर जनावर दगावतं.

कोटीपोट म्हणजे औषधाची टाकी

अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही औषधं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. त्यांचे कण चाऱ्यासोबत कोटीपोटात थांबतात आणि थोडेथोडे पुढे सरकतात. चौथ्या पोटातल्या आम्लात ते विरघळतात आणि मग रक्तात शोषले जातात. यकृतात अल्बेंडाझोलचं सल्फॉक्साइड बनतं. तेही जंत मारतं आणि रक्तातून परत पोटात उतरतं.

हे औषध जंताच्या पेशींमधल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे जंताला अन्न घेता येत नाही व तो उपासमारीनं मरतो. उपासमार एका क्षणात होत नाही, म्हणून औषध जास्त वेळ पोटात टिकणं महत्त्वाचं. लेव्हामिसोलचं उलट आहे. ते पटकन शोषलं जातं, जंताला लुळं करतं आणि लवकर शरीराबाहेर जातं.

जिभेच्या मागेच का?

कोकरू दूध पितं तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी असलेली खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध कोटीपोट टाळून थेट पुढे जातं. मोठ्या मेंढीच्या तोंडात पुढच्या बाजूला औषध ओतलं तरी ही खाच कधीकधी मिटते. मग औषध टाकीत न साठता लवकर निघून जातं. म्हणून ते जिभेच्या मागच्या भागावर, सावकाश पाजायचं.

पोट गच्च भरलेलं असेल तरी औषध चाऱ्याबरोबर लवकर पुढे ढकललं जातं. म्हणून पाजण्याआधी काही तास चारा बंद ठेवतात, पाणी मात्र देतात. गाभण किंवा अशक्त मेंढीला उपाशी ठेवू नये. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोलही देऊ नये. गर्भात व्यंग येऊ शकतं.

अर्धवट डोसचा धोका

वजनाचा अंदाज चुकला आणि औषध कमी पडलं, तर कमजोर जंत मरतात, चिवट उरतात. त्यांचीच पिल्लं कुरणात पसरतात. पुढे तेच औषध पूर्ण मात्रेत देऊनही चालत नाही. त्यामुळे मेंढीचं वजन करा आणि कोणतं औषध किती द्यायचं हे पशुवैद्यकाला विचारा.

विचार करा : तेच औषध, तीच मात्रा, पण एका मेंढीला गुण आला आणि दुसरीला नाही. याची कोणती तीन कारणं तुम्ही सांगाल?