भंडारदऱ्याचा मुक्काम आणि त्याची आखणी



डोंगरातल्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचे कसे, हा विषय मी या व्यासपीठावर घेतला याचे काहींना नवल वाटेल. युनियनवाल्याने बोनसवर बोलावे, हा तंबूंच्या मागे कुठे लागला! पण विश्रांती हीसुद्धा कामगाराने झगडून मिळवलेली वस्तू आहे. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली आपल्या ठाण्यात जन्मले. त्यांच्या चळवळीला यश येऊन १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. फ्रान्समध्ये १९३६ च्या संपांनंतर दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आली, तेव्हा सवलतीच्या रेल्वे तिकिटावर कितीतरी कामगार कुटुंबे जन्मात पहिल्यांदा समुद्र आणि डोंगर पाहायला निघाली. सुटी मिळवण्याची विद्या आम्ही थोडीफार शिकलो. ती घालवावी कशी, हे मात्र मला चाळिशीत, आणि तेही चुकून कळले.

उंच डोंगरातली तळी म्हटली की लोकांना काश्मीर आठवते. विशनसर, गंगाबल ही सरोवरे हिमनद्यांनी खडक कोरून केलेली. तिथे जायचे तर आठवडाभराची रजा हवी आणि विरळ हवेची सवय व्हायला वेळ हवा. सह्याद्रीत पाण्याचे मोठे विस्तार आहेत ते बहुतेक धरणांचे. त्यांतला आपल्याला सोयीचा भंडारदऱ्याचा. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. मागच्या जलाशयाला आर्थर लेक हे नाव पडले. काठ समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरांवर. एका अंगाला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. दुसऱ्या अंगाला रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचे अमृतेश्वराचे जुने देऊळ. पश्चिमेला घाटघरपाशी डोंगर एकदम तुटतो आणि खाली आपला शहापूर तालुका दिसतो. तिथल्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातले पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतात. वायरमन मंडळींना हे जरूर दाखवावे.

वाट सोपी आहे. कल्याणहून कसारा लोकलने ६७ किलोमीटर. पुढे थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात, म्हणून लोकल कसाऱ्यालाच थांबते. तिथून जीपने घाट चढून घोटी, आणि घोटीहून बारीवरून धरणाशेजारचे शेंडी गाव सुमारे ३५ किलोमीटर.

आता ती चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही अठरा जण निघालो. तारीख ठरवली कायम कामगारांनी. चार कंत्राटी पोरे पाळी भरून धावत येणार, म्हणून त्यांच्यासाठी दोन लोकल सोडल्या. शेंडीला पोचेतो दिवस मावळला, आणि मुतखेलच्या पुढे जीप बंद पडली. रतनवाडीपर्यंत चालायचे ठरले. तरुण पुढे, विजेऱ्याही त्यांच्याच हातात. आमच्यात एक बॉयलरवरचे काका होते, चौपन्न वर्षांचे, गुडघ्याने अधू. रतनवाडीत डोकी मोजली तर सतरा!

दोन तास शोध चालला. मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी पाण्याच्या बाजूला एका कोळ्याच्या घरी काका चहा पीत बसलेले सापडले. चांदण्यात पाणी चकाकत होते. काकांना वाटले तोच डांबरी रस्ता, आणि ते त्या रोखाने उतरत गेले. घरधन्याचे कुत्रे भुंकले म्हणून माणूस वाचला. संप पुकारताना ज्याच्या घरात आठच दिवसांचे दाणे आहेत त्याचा विचार आधी करणारे आम्ही, त्या रात्री ज्यांच्या पायांत जोर त्यांच्या मागे धावत सुटलो होतो.

तेव्हापासून आखणी उलट्या टोकाने करतो. तारीख ठरवायची ती ज्याचा खाडा झाला की रोज बुडतो त्याला विचारून. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला पुढल्या वर्षी, कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस, भरपगारी रजा दिली. पण कागदावरची रजा आणि कंत्राटी पोराच्या हाती पडणारी रजा यांत फार अंतर राहिले. वर्गणी ज्याला जड जाईल त्याच्या ऐपतीने. उरलेले बाकीच्यांनी, गाजावाजा न करता. चाल सर्वांत मंद माणसाची, आणि शेवटच्या माणसामागे एक विजेरीवाला. कुठल्याही परिस्थितीत दिवस मावळण्याआधी तंबू उभे. यात चारदा वाद झाले. कळसूबाईला पहाटे पळत जाणारे कुरकुरतात. त्यांनी पळावे, पण बारीला परत कधी भेटणार ते सांगून.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घाटघरला पाऊस इतका पडतो की त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणत. पावसाळ्यात आपले स्वस्त तंबू तिथे टिकत नाहीत. मेअखेर काजवे लखलखतात, पण गर्दी फार. थंडीत दव इतके पडते की तंबू आतून ठिबकतो. म्हणून तोंडाची झडप थोडी उघडी ठेवावी आणि अंगाखाली जाड सतरंजी घ्यावी. पांघरुणापेक्षा अंथरुणाने थंडी अधिक अडते.

पाण्याविषयी मात्र मी कडक आहे. धरणाचे पाणी सोडले की पातळी उतरते आणि मागे चिखलाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला, आत मऊ. तंबू त्या रेषेच्या बराच वर, आणि ओहोळाच्या पात्रात कधीही नाही. पोहणे बंद, ‘मला येते’ म्हणणाऱ्यालासुद्धा. मे २०२४ मध्ये धरणाच्या खाली, प्रवरेत सुगावला बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांचे प्राण गेले. ती तर शिकलेली माणसे होती.

लाकूडफाटा तोडू नये. १९८६ पासून हे अभयारण्य आहे. स्टोव्ह न्यावा, किंवा त्याहून बरे, गावात कळवून पिठले-भाकरी सांगावी आणि मागतील ते पैसे द्यावेत. या धरणाचे पाणी कालव्यांनी खाली उसाच्या मुलखात जाते, आणि चैत्र-वैशाखात काठच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन चढण चढताना मी पाहिल्या आहेत. तेव्हा त्यांच्या विहिरीवर साबणाने भांडी घासू नयेत, हे सांगावे लागू नये. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. लोखंड्यांच्या जन्माचेच साल. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलताना ठाण्याचे नाव काढले की ही आठवण निघते.

परतीला रविवारी दुपारी तीनच्या आत शेंडी सोडावी. सोमवारची पहिली पाळी सातला असते. आणि ओले तंबू वाळवायला कुणाच्या गच्चीत जागा आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवावे.