सैनिकाच्या बागेतील मॅग्नोलिया

नेपोलियनच्या युद्धांतून परतलेल्या सैनिकांपैकी काहींनी आठवणी लिहिल्या, काहींनी निवृत्तिवेतनासाठी अर्ज केले. एतिएन सुलांज-बोदँ या अधिकाऱ्याने मात्र पॅरिसच्या दक्षिणेस, सीन नदीकाठच्या फ्रोमाँ येथे झाडे लावली. जर्मनांनी आपल्या बागेत तळ ठोकला आणि आपणही जर्मनांच्या बागांत तळ ठोकला. त्यापेक्षा दोन्ही पक्षांनी घरी राहून कोबी लावला असता तर बरे झाले असते, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. शहाणपण उशिरा आले खरे, परंतु ते वाया गेले नाही.

१८२० साली त्याने यूलान मॅग्नोलियाच्या फुलांवर लिलीफ्लोरा मॅग्नोलियाचे पराग घातले. यूलान हा चीनचा शुभ्र फुलांचा वृक्ष; तांग राजवटीच्या काळापासून तेथील मंदिरांच्या आवारांत त्याची जोपासना होत आली. लिलीफ्लोरा हे जांभळ्या फुलांचे बुटके झुडूप. या संकरातून उगवलेले रोप १८२६ साली प्रथम फुलले. फुले बाहेरून गुलाबी-जांभळी, आतून पांढरी आणि पेल्याच्या घाटाची होती. सुलांज-बोदँच्या नावावरून या संकरास ‘सुलांजियाना’ हे नाव मिळाले.

मराठी वाचकास हे कुळ परके नाही. सोनचाफा पूर्वी ‘मिशेलिया’ या वेगळ्या नावाखाली गणला जाई. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्यासही मॅग्नोलियातच घालतात. (देवळापुढचा देवचाफा मात्र नावापुरताच चाफा; त्याचे कुळ निराळे.) सोनचाफ्याच्या फुलात मध्यभागी जो उंच दांडा दिसतो, तोच सुलांजियानाच्या फुलातही असतो. त्यावर वरच्या अंगास स्त्रीकेसर आणि खाली पुंकेसर सर्पिलाकार मांडलेले असतात. ही फार प्राचीन रचना आहे, आणि या कुळाच्या फुलांत परागीभवनाचे काम प्रामुख्याने भुंगेरे करतात.

व्यापाराच्या दृष्टीने या वृक्षाचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. त्याचे बी पेरले असता झाड उगवते, पण फूल तेच येईल याची हमी नसते. संकराची संतती आईबापांच्या गुणांत मनास येईल तशी विखुरते. म्हणून रोपवाटिकेतून अस्सल वाण हवे असेल तर दाबकलम किंवा डोळा बांधलेले कलमच घ्यावे लागते. गाठ पाहून, नाव पडताळून घेतलेल्या मालाचे महत्त्व जाणणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको. बीजाच्या या लहरीतून लाभही झाला. लोंबार्दीतील एका बागेत योगायोगाने उगवलेले गडद जांभळ्या, गोलसर फुलांचे रोप १८५४ साली एका जर्मन रोपवाटिकाधारकाने बाजारात आणले आणि प्रशियाच्या राजोद्यानांचे प्रमुख पेटर योझेफ लेने यांचे नाव त्यास दिले. ‘लेनेई’ आजही विकले जाते.

हिमालयातील कॅम्पबेलाय मॅग्नोलिया बियांपासून वाढविल्यास फुलण्यास वीस-तीस वर्षे घेतो. सुलांजियानाचे कलम मात्र दोन-तीन वर्षांतच फुलू लागते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील लहानशा अंगणांतही त्याने जागा मिळविली. त्यास थंड हिवाळा लागतो. कोकणच्या किंवा देशावरच्या उन्हात ते झाड रमणारे नव्हे.

आणि थंडीच त्याचा घातही करते. पाने फुटण्याआधी, मार्च-एप्रिलात, निष्पर्ण फांद्यांवर ते फुलते. उबदार दिवसांनी कळ्यांस भुलविले आणि एके रात्री पारा शून्याखाली उतरला, तर सकाळी सारा बहर तपकिरी होऊन लोंबू लागतो. जाणकार म्हणून ते पूर्वाभिमुख जागी लावीत नाहीत, कारण गोठलेल्या पाकळीवर सकाळचे ऊन थेट पडले की ती लवकर काळवंडते. झाडास सहसा इजा होत नाही. मागाहून पाने येतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस फांद्यांच्या टोकांवर पुढील वर्षीच्या कळ्या, करड्या लवेच्या आवरणात, धरलेल्या असतात.