गाळावरची पंगत

येवल्याहून विंचूर-निफाडमार्गे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पहाटे पोचायचं तर अंधारातच निघावं लागतं. थंडीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी दरवर्षीची. त्यात धुकं पडलं, की द्राक्षबागांत फवारणीचे ब्लोअर सुरू. ओल्या पानावर डाऊनी रोग कधी धरेल याचा नेम नसतो. अभयारण्यातल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरही धुकं उठेपर्यंत दुर्बीण गळ्यातच राहते. तोवर नुसतं ऐकायचं: चक्रवाकांची हेल काढलेली हाक, वारकरी पक्ष्यांची पाण्यातली धडपड.

हे अभयारण्य खरं तर गाळानं घडवलंय. गोदावरी-कादवा संगमाजवळचा बंधारा १९०७ ते १९१३ दरम्यान बांधला गेला, तो कोपरगाव-राहात्याकडच्या कालव्यांसाठी. पक्षी कुणाच्या मनातही नव्हते. दर पावसाळ्यात नद्यांनी माती आणली, साठा उथळ झाला, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा तोटाच. पण सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, १९८६मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२०मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव जाहीर झालं.

उथळपणाला एवढं महत्त्व का, हे धुकं विरल्यावर दिसतं. पाण्याच्या खोलीप्रमाणे इथे पंगत बसते. काठच्या चिखलात तुतवार. घोटाभर पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे. जरा पुढे थापट्या बदक चपटी चोच पाण्याला टेकवून सरळ चालत सुटतं. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, पाणी बाहेर जातं आणि बारीक जीव आत अडकतात. तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं आणि लांब मानेनं तळ गाठतं. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही फट राहते. गोगलगायींवर जगणाऱ्याची ती चोच. सगळीकडे पुरुषभर पाणी असतं, तर यातल्या बहुतेकांनी इथे पंख मिटलेच नसते.

म्हणून इथे महिन्याइतकंच आवर्तनाकडेही लक्ष ठेवावं. कालव्याला पाणी सुटलं, पातळी हलली, की कालची जागा आज रिकामी. जाणकार वाटाड्या सोबत घ्यावा. कुठला थवा कुठे सरकला, हे त्याला ठाऊक असतं. भडक कपडे मात्र घरीच ठेवा.

गाळाची ही मेहेरबानी बेमुदत नाही. माती साचतच राहिली तर बेटं एकमेकांना जोडली जातील, त्यावर बाभळी वाढतील, दलदलीची जमीन होईल. वरच्या अंगाला नाशिक शहर आहे. तिथल्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली उघडं पाणी झाकून टाकतात. त्या हिरव्या गालिच्यावर कमळपक्षी मजेत फिरतो, बदकांना मात्र उतरायला जागा उरत नाही. पाणवेली काढाव्यात, यावर दुमत नसावं. गाळाचं तसं नाही. सरसकट उपसला तर पंगतच उठेल, आणि अजिबात हात लावला नाही तर काही पिढ्यांनी पाणीच उरणार नाही. कुठला उपसायचा आणि कुठला ठेवायचा, हे ठरवताना पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याशेजारी पक्षी जाणणारा माणूस बसायला हवा.