एका गोळीतील दोन औषधे

साताऱ्यातील एखाद्या दुकानातून घेतलेली गोळ्यांची पट्टी उलटी करून तिच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचली, तर पुष्कळदा दोन दूरच्या गावांची नावे आढळतात. पहिले हिमाचल प्रदेशातील बद्दी. तेथे औषधांचे कारखाने दाटीने उभे आहेत. दुसरे पंचकुला, चंडीगढ किंवा झिरकपूर. कारखान्यात तयार झालेले औषध स्वतःच्या छापाने बाजारात आणणाऱ्या अनेक व्यापारी संस्थांच्या कचेऱ्या या परिसरात आहेत. त्यांपैकी झिरकपूर हे पंजाबच्या साहिबजादा अजितसिंह नगर जिल्ह्यात, चंडीगढच्या अगदी वेशीवर वसलेले आहे. अंबाल्याकडून येणारा हमरस्ता येथूनच चंडीगढात शिरतो, आणि पतियाळा व सिमला यांकडील वाटाही येथेच फुटतात. पूर्वीच्या शेतांच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहिल्या असून, नोकरीनिमित्त आलेली परप्रांतीय कुटुंबे त्यांत राहतात.

अशी कल्पना करू की, साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक हिवाळ्यात आपल्या मुलाकडे झिरकपुरास राहावयास गेले. रक्तदाबासाठी त्यांना गावच्या सरकारी आरोग्यकेंद्रातून ॲम्लोडिपिन या औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी मिळत असे. झिरकपुरातील डॉक्टरांनी रक्त तपासले, त्यात कोलेस्टेरॉल अधिक आढळले, म्हणून त्यांनी एक नवी गोळी लिहून दिली. गुरुजींची समजूत अशी झाली की, जुनी गोळी रक्तदाबाची आणि नवी कोलेस्टेरॉलची. ते दोन्ही घेऊ लागले. वस्तुतः नव्या गोळीत ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम आणि ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम अशी दोन औषधे एकत्र होती. जुनी गोळी सांगण्याचे गुरुजींना सुचले नाही आणि विचारण्याचे डॉक्टरांच्या ध्यानी आले नाही. थोड्याच आठवड्यांत गुरुजींचे घोटे सुजले आणि अंथरुणातून उठताना त्यांना भोवळ येऊ लागली.

दिवसाला १० मिलिग्रॅम ॲम्लोडिपिन हे विष नव्हे. प्रौढ माणसास देण्याची ती कमाल मर्यादा आहे. परंतु ती मात्रा कोणी विचारपूर्वक ठरविलेली नव्हती, आणि वृद्ध माणसास भोवळ येऊन तो पडला तर मांडीचे हाड मोडावयास वेळ लागत नाही. याहून फसवी गोष्ट त्या सुजेची. ॲम्लोडिपिनने रोहिण्यांची टोके सैलावतात, त्यामुळे घोट्यांपाशी पाणी साचते. हे ज्याला ठाऊक नाही तो मूत्रपिंडाच्या विकाराचा संशय घेतो, आणि लघवी वाढविणारे तिसरे औषध सुरू होते. औषधाच्या परिणामालाच रोग समजून त्यावर पुन्हा औषध देण्याचा हा प्रकार वैद्यकाला चांगला परिचित आहे.

मग दोन औषधे एकत्र करण्याची उठाठेव तरी का केली असावी? याचे उत्तर रोहिणीच्या भिंतीत सापडते. रक्तदाब सतत १४०/९० मिलिमीटर पारा किंवा त्याहून अधिक राहिला, की रोहिणीच्या आतील नाजूक अस्तरास इजा होत राहते. रक्तातील कोलेस्टेरॉल अशाच अस्तराखाली शिरून साठते आणि त्याचे थर बनतात. दोन्ही दोष एकमेकांना हात देतात. ॲम्लोडिपिन रोहिणीच्या स्नायुपेशींत कॅल्शियमचा शिरकाव रोखते, त्यामुळे भिंतीचा ताण उतरतो. ॲटोर्व्हास्टॅटिनचे काम यकृतात चालते. कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका एन्झाइमास ते अडविते. तेव्हा यकृत आपली गरज भागविण्यासाठी रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसलेल्या, परंतु रक्तदाबाबरोबर हृद्रोगाची इतरही कारणे असलेल्या १०,३०५ लोकांवर झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. ॲटोर्व्हास्टॅटिनच्या अवघ्या १० मिलिग्रॅम मात्रेने हृदयविकाराचे झटके व त्यांमुळे होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी घटले, आणि चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.

या दोन्ही औषधांमागे मोठा इतिहास आहे. रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात मुंबईचे स्थान मानाचे आहे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग ५० रुग्णांवर पडताळून पाहिला आणि १९४९ साली ब्रिटिश हृद्रोगविषयक नियतकालिकात तो वृत्तांत प्रसिद्ध केला. देशी वैद्यांना परिचित असलेली ही वनस्पती त्यानंतर जगभर पोहोचली. सर्पगंधेतील रिसर्पिन आज क्वचितच वापरले जाते. स्टॅटिन गटाचा उगम जपानी संशोधक अकिरा एंडो यांच्या परिश्रमांत आहे. सुमारे सहा हजार सूक्ष्मजीवांची परीक्षा केल्यावर, क्योटोतील एका धान्यदुकानाच्या तांदळावर मिळालेल्या बुरशीत १९७३ साली त्यांना हवे ते द्रव्य आढळले. या गटातील पहिले औषध १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले.

अनेक औषधे एका गोळीत भरण्याच्या कल्पनेची मोठी परीक्षा भारतातही झाली. रक्तदाबाची तीन औषधे, एक स्टॅटिन व ॲस्पिरिन असलेली गोळी २,०५३ लोकांवर तपासून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरचा रक्तदाब सरासरी ७.४ मिलिमीटरने उतरला. मात्र कोलेस्टेरॉलवरचा परिणाम, तेच स्टॅटिन एकटे दिले असता होतो त्याहून किंचित कमी ठरला. एकत्र केलेली औषधे केवळ शेजारी नांदतात असे गृहीत धरता येत नाही, हे त्यावरून दिसले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्यांना आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. अर्थात प्रत्येक मिश्रण शहाणपणाचे असते असे नव्हे. भारत सरकारने २०१८ साली निरनिराळ्या रोगांवरील ३२८ मिश्रणांवर बंदी घातली, ती सबळ कारणाशिवाय नव्हे.

एक गोळी विसरणे दोन विसरण्याहून कठीण, हा मिश्रणाचा खरा लाभ होय. याची दुसरी बाजू अशी की, एक गोळी चुकली तर दोन्ही उपचार चुकतात. घोटे सुजले म्हणून गुरुजींनी ती गोळीच टाकून दिली, तर निरपराध ॲटोर्व्हास्टॅटिनही तिच्याबरोबर जाईल. शिवाय एकाची मात्रा वाढवावी व दुसऱ्याची तशीच ठेवावी, ही सोय मिश्रणात नसते. त्यासाठी वेगळ्या प्रमाणाची गोळी किंवा पुन्हा सुट्या गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणून दोन्ही मात्रा आधी सुट्या देऊन स्थिर कराव्या व नंतर त्यांची मोट बांधावी, ही पद्धत अधिक सावधपणाची होय.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, या प्रश्नावर घरोघरी वाद होतात. ॲम्लोडिपिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यावयास ३० ते ५० तास लागतात. ॲटोर्व्हास्टॅटिनचा परिणामही जवळजवळ दिवसभर टिकतो. तेव्हा वेळ कोणतीही चालेल. ती रोज तीच असावी, एवढेच महत्त्वाचे. एखाद्या दिवशी विस्मरण झाले तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत. रक्तदाब मापात आला म्हणून स्वतःच औषध बंद करणेही चुकीचे. तो मापात आला आहे तो गोळीमुळेच.

फळांविषयी एक चमत्कारिक कथा आहे. कॅनडातील डेव्हिड बेली हे दारूचा फेलोडिपिन या औषधावर काय परिणाम होतो ते पाहत होते. दारूची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे चढलेले त्यांना आढळले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधाने कळले की, त्या रसातील द्रव्ये आतड्यातील औषध मोडणारे एन्झाइम निकामी करतात. ॲटोर्व्हास्टॅटिनही याच वाटेने मोडले जाते. गणपतीच्या दिवसांत कोकणात दिसणारे पपनस हे ग्रेपफ्रूटचेच निकटचे नातलग. त्याच्या चार फोडींनी अनर्थ होत नाही, परंतु रोज भरपूर रस पिण्याचा नेम मात्र नको. नागपुरी संत्रे व मोसंबी यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

फळांपेक्षा अधिक जपावे लागते ते इतर औषधांना. क्लॅरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक आणि इट्राकोनॅझोल हे नायट्यावर सर्रास दिले जाणारे औषध ॲटोर्व्हास्टॅटिनचे प्रमाण वाढवितात. सर्दी-खोकल्यासाठी किंवा त्वचारोगासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना म्हणूनच या गोळीचा उल्लेख अवश्य करावा. ॲम्लोडिपिन स्वतःदेखील सिम्व्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनचे प्रमाण चढविते. त्यामुळे ती जोडी असल्यास सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमपलीकडे देत नाहीत.

स्टॅटिनने स्नायू दुखतात ही तक्रार फार ऐकू येते. २०२२ साली अनेक चाचण्यांचा एकत्र विचार झाला, तेव्हा अशा दहांपैकी नऊहून अधिक तक्रारींचे कारण औषध नव्हे असे दिसले. तरीही स्नायूंत तीव्र वेदना किंवा अशक्तपणा आला आणि लघवी काळपट तांबडी झाली, तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे. स्नायू विघटित होऊन मूत्रपिंडास धोका होण्याचे ते लक्षण असू शकते. डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यासही विलंब नको. गर्भवती स्त्रीने, किंवा गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीने, डॉक्टरांना ते आधी सांगावे, कारण बहुतेक वेळी स्टॅटिन बंद करावे लागते.

आता पुन्हा गुरुजींकडे वळू. त्यांच्या दोन्ही पट्ट्यांवरची व्यापारी नावे निराळी होती, परंतु खाली औषधांची मूळ नावे व प्रमाण छापलेले होते. ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे. १ मार्च २०२१ पासून तर कारखानदाराबरोबर औषध स्वतःच्या नावाने विकणारी संस्थाही त्याच्या गुणवत्तेस जबाबदार धरली जाते. झिरकपूरसारख्या गावाचे नाव पट्टीवर दिसते त्याला एवढा अर्थ आहे. गुरुजींना ती बारीक अक्षरे चष्म्यानेही वाचता आली नसती. नातीने भिंग घेऊन ती वाचली असती, तर ‘ॲम्लोडिपिन’ हा शब्द दोनदा आलेला तिच्या लक्षात आला असता. पुढच्या भेटीला जाताना घरातील साऱ्या पट्ट्या, अगदी गुडघ्यावरच्या आणि वैद्यांच्या पुड्यांसकट, एका पिशवीत घालून न्यावयाच्या आणि टेबलावर ओतावयाच्या. डॉक्टर त्यांतील जुनी पट्टी बाजूला काढतील, रक्तदाब पुन्हा मोजतील, आणि घोट्यांची सूज बहुधा काही दिवसांत ओसरू लागेल.